पैनगंगेपलीकडून येणारे हसू

आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास लिहायला बसले की माणूस आपोआप गंभीर होतो. चांद्याचे गोंड राजे, निजामाची राजवट, १९०५ साली झालेली जिल्ह्याची रचना, १९४० मध्ये जोडेघाटला धारातीर्थी पडलेला कोमरम भीम, १९४८ ची पोलीस कारवाई आणि १९५६ ची प्रांतरचना. या सगळ्यावर लिहिले गेले आहे आणि लिहिले जायलाच हवे. पण इथली मराठी माणसे दिवाळीच्या सुट्टीत कशाला हसत होती, हा प्रश्न कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडायचा नाही. मी इतिहासाचा एम.ए. आणि पेशाने शाळामास्तर. त्यामुळे दुसऱ्या कोणी न विचारलेले प्रश्न विचारण्याची मला खोड आहे. वाचकांनी दिवाळीच्या फराळाबरोबर ती खपवून घ्यावी.

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते आहे 'रेडिओ'. अर्थात नुसत्या शब्दाने भागणार नाही. कोणत्या गावचा रेडिओ, कोणत्या भाषेतला आणि तो इथपर्यंत पोचला कसा, हे सांगितल्याशिवाय त्या हसण्याचे मोल कळायचे नाही.

सुरुवात १ नोव्हेंबर १९५६ पासून करू. त्या दिवशी हैदराबाद संस्थानाच्या उरलेल्या राज्याचे तीन तुकडे झाले. तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आणि कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये. आमच्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे गेले. राजुरा आधी नांदेडला जोडले आणि १९५९ साली चांद्याला. उलट नांदेडचा मुधोळ तालुका इकडे आला. भैंसा, बासर, कुभीर हा सारा मुलूख त्याच्याबरोबर आला. पंचांग चाळले तर ध्यानात येते की त्या वर्षीची दिवाळी नेमकी याच दिवसांत होती. एका हातात अभ्यंगाचे तेल आणि दुसऱ्या हातात नव्या राज्याचे नाव, अशी ती दिवाळी इथल्या मराठी घरांनी साजरी केली. भाऊबिजेला जो भाऊ किनवटला गेला, तो परराज्यात गेला. आगगाडी तीच, तिकीट तेच आणि बहीणही तीच.

यानंतर मराठीचे सरकारी काम हळूहळू सुटत गेले. कोर्टकचेरी, सातबारा, शेतसारा, पुढे शाळेतली पुस्तके या सगळ्यांची भाषा बदलत गेली. ही तक्रार नव्हे. तेलुगू ही आमच्या शेजाऱ्यांची भाषा आहे, ती आम्ही शिकलो आणि आमची मुले तर ती आमच्याहून चांगली बोलतात. पण घरात मराठी आणि घराबाहेर तेलुगू किंवा उर्दू, असा संसार सुरू झाला की घरातली भाषा हळूहळू आजारी पडू लागते. तिच्यात नवे शब्द येत नाहीत. देवाची आरती, स्वयंपाकघर आणि भांडण एवढ्यापुरतीच ती उरते. मराठी मासिके येत, नाही असे नाही. पण दिवाळी अंक विकत घेणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि एक अंक वाचता वाचता संक्रांतीपर्यंत दहा घरे फिरे. ज्या आज्या, आत्या आणि माम्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी तर छापील मराठी हे बंद दारच होते.

अशा घरात रेडिओ आला. त्याने काय केले ते समजायला आधी थोडा भूगोल आणि थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागेल.

आदिलाबादहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर आणि नागपूर सुमारे दोनशे. सरकार दक्षिणेला असले तरी आकाशातला जवळचा शेजारी उत्तरेला होता. नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झाले. पुणे केंद्र १९५३ चे आणि मुंबई तर १९२७ पासूनची. परभणी केंद्र १९६८ मध्ये आले. ही सारी केंद्रे मध्यम लहरींवर बोलत. मध्यम लहरींची गंमत अशी की दिवसा त्या जमिनीलगत थोडेच अंतर जातात. वर गेलेल्या लहरी वातावरणाच्या उंचावरच्या एका थरात शोषल्या जातात आणि तो थर सूर्यप्रकाशामुळे तयार होतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर खाली उतरतात. म्हणून दिवसा मुकी असलेली मुंबई रात्री आमच्या बेल्यात बोलू लागे. त्यात पावसाळा असेल तर विजांची खरखर सगळ्यावर पाणी फिरवी. आश्विन सरताना आकाश निवळे, रात्र लांबे आणि खरखर कमी होई. म्हणजे रेडिओ वर्षात सगळ्यात स्वच्छ लागू लागे तो नेमका दिवाळीच्या सुमारास. निसर्गाने आणि पंचांगाने मिळून सीमाभागावर केलेले हे उपकारच म्हणायचे.

आमच्या घरी लाकडी पेटीचा रेडिओ होता. भिंतीच्या वरच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची एरियलची पट्टी ताणलेली. वडील दरसाल पोस्टात जाऊन लायसन्सची फी भरत आणि ते पुस्तक घराच्या खरेदीखताबरोबर ट्रंकेत ठेवत. लायसन्सची ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली, पण पुस्तक अजून ट्रंकेतच आहे. ज्या गावांत वीज नव्हती तिथे ट्रान्झिस्टर आणि त्याचे सेल. सेल उतरले की ते उन्हात वाळत घालायचे. दिवाळीच्या आठवड्यात ओसरीवर एका सुपात शेवया आणि दुसऱ्या सुपात सेल वाळत असल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

आता हसण्याकडे वळतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे रेडिओवर कीर्तन असे, नरकासुराच्या वधाचे. ते ऐकताना हसायचे नसे. हसणे सुरू होई ते फराळ झाल्यावर आणि विशेषतः रात्री. दिवाळीच्या निमित्ताने केंद्रे श्रुतिका करीत, प्रहसने करीत, विनोदी कथांची वाचने लावीत. त्यांचे विषय आजही माझ्या तोंडपाठ आहेत, कारण ते मोजकेच होते. चकली तेलात विरघळते. अनारसा हसतो आणि गृहिणी रडते. नवा जावई दिवाळसणाला येतो आणि स्कूटर हवी म्हणून रुसतो. भाऊबिजेच्या ओवाळणीत नवऱ्याचा पगार जातो. रेशनवर दिवाळीची जादा साखर येणार असते आणि येत नाही. हे सगळे दर वर्षी नव्याने होई आणि दर वर्षी नव्याने हसू येई.

विषय इतके घरगुती का, याला एक कारण आहे. आकाशवाणी सरकारची. कोणत्या धर्माची, जातीची टवाळी नको, पुढाऱ्याचे नाव नको, परराष्ट्राचा उपमर्द नको, असभ्य काही नको, असे तिचे दंडक होते. एवढे सगळे वगळल्यावर विनोदी लेखकाच्या हाती उरते काय? चकली. पण या बंधनामुळेच एक चांगले झाले. कोणाला न दुखावता हसवायचे असेल, आणि तेही चेहरा न दाखवता, तर सगळा भार भाषेवर येतो. शब्द कुठे तोडला, 'हो का?' किती लांबवले, बोलणाऱ्याने किती वेळ गप्प राहून मग 'बरं' म्हटले, यातून हसू काढावे लागते. स्वयंपाकघरातली मराठी तिच्या सगळ्या हेलांसकट, टोमण्यांसकट आणि अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यांसकट लहरींवर आली ती अशी.

या कलेचा सर्वांत लोकप्रिय नमुना म्हणजे मुंबई केंद्राचा 'प्रपंच' आणि त्याचा पुढचा अवतार 'पुन्हा प्रपंच'. प्रभाकर जोशी यांचे पंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर यांचे टेकाडे भावजी. घर एक आणि माणसे तीन. भावजी येणार, काहीतरी खूळ घेऊन येणार, पंत त्यात वाहवणार आणि वहिनी शेवटी दोघांनाही जमिनीवर आणणार. अल्पबचत, कुटुंबनियोजन, धान्याची काटकसर असे सरकारी उपदेशही त्यातून हळूच गळी उतरवले जात. लोक तो काढा साखरेसकट पीत. नीलम प्रभू पुढे करुणा देव या नावाने ओळखल्या गेल्या. त्या २०१३ मध्ये गेल्या. बाळ कुडतरकर २०२० मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेले. त्यांचा चेहरा आमच्याकडे कोणी पाहिला नव्हता, पण आवाज सिनेमाआधीच्या सरकारी समाचारपटातही ऐकू येई. तेव्हा थिएटरच्या अंधारात कोणीतरी हमखास म्हणे, "अरे, हे तर आपले भावजी!"

'आपले' हा शब्द लक्षात घ्या. कधी न पाहिलेल्या मुंबईतल्या माणसाला आदिलाबादच्या थिएटरात कोणी आपला दीर म्हणते, हे नाते कोणत्याही प्रांतरचनेच्या अहवालात बसत नाही.

पुणे केंद्रावर व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून होते. ग्रामीण कार्यक्रमांत खेड्याची बोली रेडिओवर आली, त्यात त्यांचा वाटा मोठा. त्याच वर्षी पु. ल. देशपांडेही आकाशवाणीत आले. नागपूर केंद्रावर पुरुषोत्तम दारव्हेकर होते. पुढे 'कट्यार काळजात घुसली' लिहिणारे तेच. मराठीतले इतके मोठे लेखक एकाच सरकारी खात्यात नोकरीला होते, ही गोष्ट आज कोणाला खरी वाटणार नाही. नागपूरच्या कार्यक्रमांत वऱ्हाडी बोली कानी पडे, आणि ती ऐकली की आमच्या घरात सगळ्यांची पाठ एकदम ताठ होई. ती बोली आमच्या बोलीची सख्खी चुलत बहीण. 'काहून', 'करून राहिला', 'पोट्टे' हे शब्द रेडिओत ऐकणे म्हणजे फोटोत अचानक आपला मामा दिसण्यासारखे होते.

विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली. तिच्या 'हवामहल'मधली हिंदी प्रहसने उर्दू समजणाऱ्या आमच्या भागाला परकी कधीच वाटली नाहीत. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. योगायोग पाहा, तेही ऐन दिवाळीत. हैदराबाद केंद्राच्या कामगारांच्या कार्यक्रमात एकांबरम आणि चिन्नक्का ही पात्रे तेलुगूत आमच्या भावजी-वहिनींसारखीच जुगलबंदी करीत. तेलुगू मुलांचे लाडके 'रेडिओ अन्नय्या' न्यायपती राघवराव हेही तिथलेच. आम्ही शेजारच्या घरी जाऊन तेलुगूत हसत असू आणि शेजारी आमच्याकडे येऊन मराठीत हसत. शेजारच्या अक्का आमच्या ओसरीवर बसून टेकाडे भावजींना हसत, तेव्हा त्यांना शब्द किती कळत हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या चुकीच्या जागी हसल्या असे कधी झाले नाही.

सण आणि रेडिओवरचा विनोद यांची ही सांगड आपल्यापुरतीच होती असे मात्र नाही. अमेरिकेत १९३२ ते १९५५ अशी तेवीस वर्षे जॅक बेनी नावाच्या नटाचा कार्यक्रम रेडिओवर चाले. हा नट स्वतःला मुद्दाम कवडीचुंबक म्हणून सादर करी आणि वय विचारले की कायम एकोणचाळीस सांगे. नाताळ आला की त्याच्या कार्यक्रमात खरेदीचा प्रसंग ठरलेला. हा चिक्कू माणूस मित्राला भेट म्हणून बुटाच्या नाड्या घेतो. नाडीचे टोक प्लॅस्टिकचे हवे की धातूचे हे त्याचे ठरत नाही. पुनःपुन्हा दुकानात जाऊन तो बदलून मागतो आणि शेवटी विक्रेत्याला वेड लागायची पाळी येते. तो विक्रेता मेल ब्लँक करी, आणि श्रोते वर्षभर त्या किंचाळीची वाट पाहत. आपला जावई आणि त्यांची नाडी! सणाच्या दिवशी माणसाला नवा विनोद नको असतो, गेल्या वर्षीचाच हवा असतो, हे त्यांनाही कळले होते. फरक एवढाच की तिकडचा कार्यक्रम कंपन्यांच्या पैशावर चाले आणि त्यात माल खपवायचा असे. आपल्याकडे त्या जागी अल्पबचत होती.

दुसरा एक फरक मात्र मला बोचतो. तिकडचे पुष्कळ कार्यक्रम तबकड्यांवर कोरून सैनिकांसाठी देशोदेशी पाठवले गेले आणि त्यामुळे टिकले. आज ते कोणालाही ऐकता येतात. आपल्याकडे टेप महाग. एक कार्यक्रम झाला की तो पुसून त्याच टेपवर दुसरा. दिवाळीची किती हसवणूक अशी पुढच्या आठवड्याच्या भाषणाखाली गाडली गेली असेल, त्याला गणती नाही.

इथवर जे लिहिले ते कौतुकाचे झाले. पण इतिहास लिहायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रेडिओचे हसू आमच्या घरात आले ते मुंबईचे घर बरोबर घेऊन. चाळ, लोकल, नळाची वेळ, गॅसचा नंबर, दिवाळीचा बोनस यांतले एकही आमच्याकडे नव्हते. बोनस म्हणजे काय, हे मी सातव्या-आठव्या वर्षी वडिलांना विचारले. ते म्हणाले, "नोकरदारांचा कापूस." आमचा जिल्हा कापसाचा. पहिली वेचणी बाजारात गेली की दिवाळीचे पैसे हाती यायचे. त्यामुळे उत्तर अगदी बरोबर होते. अशा रीतीने गिरगाव न पाहता आम्हांला गिरगावच्या नळाची वेळ पाठ झाली. आमच्या विहिरीवर मात्र कोणी श्रुतिका लिहिली नाही.

भाषेचेही तेच झाले. रेडिओची मराठी चांगली आणि आपली बोली गावंढळ, असे आमच्या मनावर नकळत ठसले. मुंबई-पुण्याच्या श्रुतिकांत दक्षिणेकडचा माणूस आला तर तो लिंग-वचन चुकणारे मराठी बोले आणि त्यावरच हशा होई. आमच्या घरचे जावई, व्याही, शेजारी नेमके तसेच बोलत! त्यावर हसायचे की नाही, हा पेच मुंबईच्या श्रोत्याला कधी पडला नसेल. पु. लं. नी 'गणगोत'मध्ये बेळगावच्या रावसाहेबांचे व्यक्तिचित्र लिहिले आणि कानडी वळणाच्या मराठीला घराघरांत माया मिळवून दिली. तिथे माणूस मोठा होता आणि बोली त्याला शोभून दिसत होती. तेलुगू वळणाच्या मराठीला असा लेखक अजून भेटायचा आहे. चिं. वि. जोशी बडोद्यात राहून चिमणराव लिहीत होते, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत 'सुदाम्याचे पोहे' लिहीत होते. तेव्हा मराठी विनोदाला मुंबई-पुण्याचाच पत्ता लागतो, असे काही नाही.

आणि विनोदाची वाण आमच्या मातीत होती असेही नाही. दिवाळीच्या दिवसांत गोंड गुड्यांमधून दंडारीचे ताफे निघतात. अंगाला राख फासलेले, डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप घातलेले गुसाडी, बरोबर स्त्रीवेषातले पुरुष, ढोल आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला पाहुणचार. गुसाडी हे देवाचे सोंग, त्यामुळे मान मोठा. पण पोरांना भेडसावणे, बायाबापड्यांची थट्टा करणे, पाटलाची फिरकी घेणे यालाही त्यांना मुभा असते. हायमेंडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात मारलवाईत राहिले आणि त्यांनी राजगोंडांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या प्रयत्नातून १९४३ मध्ये गोंड शिक्षणाची जी योजना सुरू झाली, तिची गोंडी पुस्तके देवनागरी लिपीत होती, हे आज पुष्कळांना ठाऊक नाही. त्याच मारलवाईचे गुसाडी कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ते २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर गेले. लहानपणी ढोल ऐकू आला की आम्ही रेडिओ सोडून धावत असू, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. टेकाडे भावजींना हरवणारा तेवढा एकच प्रतिस्पर्धी होता.

तरीही त्या हसण्याने केले काय, याचे माझे उत्तर असे. भाषा येते की नाही, याची खरी परीक्षा विनोद कळण्यात आहे. बातमी अर्धी भाषा आली तरी कळते, गाणे तर मुळीच न येता आवडते, पण टोमणा कळायला भाषा पुरती यावी लागते. माझ्याबरोबर तेलुगू माध्यमात शिकलेली कितीतरी मराठी मुले देवनागरी जेमतेम वाचतात, पण मराठी बोलण्यातली खोच त्यांना एका क्षणात कळते. ती त्यांना शाळेने शिकवलेली नाही. ती दिवाळीच्या रात्री, पांघरुणात पडून, मोठ्यांच्या हसण्याकडे पाहत त्यांनी उचललेली आहे. बायकांचा वाटा यात मोठा. मीनावहिनींचे उत्तर दुसऱ्या दिवशी जात्यावर, पाणवठ्यावर पुन्हा बोलले जाई आणि तिथे त्याला आमच्या बोलीचा रंग चढे. त्या अर्थाने आमच्या आज्याच त्या कार्यक्रमाच्या सहलेखिका होत्या.

मग दूरदर्शन आले. मुंबईचे १९७२ मध्ये, हैदराबादचे १९७७ मध्ये, पण आमच्या भागात चित्र दिसू लागले ते १९८० च्या दशकात, आणि ते हैदराबादचे. मध्यम लहरी सीमा ओलांडत होत्या, चित्राच्या लहरी ओलांडेनात. चिमणराव दूरदर्शनवर गाजल्याचे आम्ही फक्त वाचले. त्याच दशकात आदिलाबादला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले, एफएमवर. तेलुगूबरोबर गोंडीतूनही तिथून कार्यक्रम होतात. गोंडी भाषेला आकाशात घर मिळाले याचा मला आनंद आहे, तो मनापासूनचा. नव्या पिढीचा रेडिओ त्या एफएमवर लागला आणि मध्यम लहरींचा काटा जागच्या जागी गंजला. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. मुधोळ-भैंसा निर्मलकडे गेले. एका मराठी मुलखाचे पत्ते एवढ्यांदा बदलले की पोस्टमनलाच विचारावे लागते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी नववीच्या मुलांना एक काम दिले. घरच्या आजी-आजोबांना विचारा, रेडिओवर ऐकलेले काय आठवते? मुलांनी तेलुगूत आणि मराठीत, जमेल तसे लिहून आणले. गाणी बहुतेकांना आठवत होती. बातम्यांचे आवाज आठवत होते. पण वाचण्यासारखी पाने होती ती हसण्याची. एका मुलीच्या आजीने मीनावहिनींचा आवाज काढून दाखवला म्हणे, आणि वाक्य तिचे स्वतःचेच होते, कारण मूळ वाक्य आता तिला आठवत नाही. एका आजोबांनी जावयाची सगळी श्रुतिका तेलुगूत सांगितली. मुलाने विचारले, ती मराठीत होती ना? आजोबा म्हणाले, "असेल. हसलो तेव्हा भाषा कुठे बघितली?"

त्या मुलांपैकी एकाच्या घरी जुनी कॅसेट निघाली. भैंशाकडचे घर, आजोबा महसूल खात्यात कारकून होते. त्यांनी वेगळा टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून दिवाळीतली एक श्रुतिका उतरवून घेतली होती. कोणत्या सालची ते कॅसेटवर लिहिलेले नाही. मुलाने ती शाळेत आणली आणि आम्ही प्रयोगशाळेच्या खोलीत बसून ऐकली. टेप बरीच झिजलेली आहे. श्रुतिकेतला नवरा-बायकोचा संवाद मधूनमधून बुडतो आणि नागपूर की मुंबई हेही सांगता येत नाही. पण रेकॉर्डरने खोलीतले सगळे टिपले आहे. बाहेर लवंगी फटाक्यांची माळ वाजते. भांडे पडते. रेडिओतली बायको काहीतरी बोलते आणि खोलीतल्या दहा-बारा माणसांचे हसू एकदम फुटते. त्यात एक पोर रडते किंवा मध्येच काही विचारते, आणि एक म्हातारी बाई अगदी रेकॉर्डरजवळून, रेडिओतल्या सगळ्या आवाजांपेक्षा स्वच्छ आवाजात दटावते, "आगू रा पोट्ट्या, ऐकू दे ना बाप्पा!"

मुलांनी ते वाक्य तीन वेळा लावायला सांगितले. अर्धे तेलुगू, अर्धे वऱ्हाडी. ती त्या मुलाची पणजी होती. कॅसेटची एक प्रत आम्ही शाळेच्या संगणकात उतरवून घेतली आहे, आणि यंदाच्या सुट्टीत आणखी कोणाच्या ट्रंकेत अशी कॅसेट आहे का, ते शोधायला नववीची मुले गावोगाव विचारणार आहेत.